इन्सी, वहशी आणि चितपट

अब्बांच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा मुलीने विचारले, "दादाजींचं दिल उजवीकडे आहे का?" फिल्मवर हृदय आपल्या उजव्या हाताला दिसते, कारण माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे धरूनच ती पाहतात. वैद्यकात डावे-उजवे रुग्णाचे असते, बघणाऱ्याचे नव्हे. वर्गात मुलांसमोर उभा राहून 'उजवा हात वर' म्हणताना मी स्वतः डावा उचलतो, तेव्हा हा घोळ माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

तो मिटावा म्हणून वैद्यकाने एक माणूस कायमचा उभा करून ठेवला आहे. नजर समोर, हात बाजूला, तळहात पुढे. रुग्ण झोपलेला असो की वाकलेला, दिशा या उभ्या माणसाच्या. आपल्याकडे सुश्रुताने चोवीस धमन्या मोजल्या त्याही दिशेनेच: दहा वर जाणाऱ्या, दहा खाली, चार आडव्या. अरबी हकिमांनी आणखी गमतीचे शब्द दिले. हातापायाची जी बाजू शरीराच्या मध्याकडे, ती 'इन्सी'. बाहेरची ती 'वहशी'. इन्स म्हणजे माणूस. वहशी म्हणजे रानटी, गझलेत भेटतो तोच. आतली बाजू माणसाळलेली, बाहेरची रानातली! अरबी शरीररचनाशास्त्रात हे शब्द आजही चालतात.

हे शास्त्र उर्दूत आणायचा मोठा प्रयत्न निजामाच्या राज्यात झाला. 1917 साली हैदराबादेत भाषांतराचे खाते, दारुल तर्जुमा, निघाले. त्याची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू पुढे कितीतरी वर्षे औरंगाबादेतून चालली. 1919 पासून उस्मानिया विद्यापीठात वर्ग भरू लागले आणि पुढे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. 1921 मध्ये वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर अख्खे पुस्तक लिहिले. फक्त अरबी-फारसीकडे धावू नका, देशी शब्दही घ्या, असा त्यांचा आग्रह होता.

उर्दू शिकवणाऱ्याला याचा अभिमान वाटणारच. पण मराठवाड्यातल्या मुलाच्या घरी मराठी होती, तेलंगणातल्या मुलाच्या घरी तेलुगू. त्यांच्यासाठी ही 'देशी' भाषाही दरबारातूनच आलेली होती, हे आम्ही उर्दूवाले सहसा बोलत नाही. 1948 नंतर हैदराबाद भारतात आले आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले.

महाराष्ट्रात 1960 साली भाषा संचालनालय आले. त्याच्या कोशांतून परिभाषा बहुतेक संस्कृत घडणीची आली: अग्र, पश्च, पार्श्व. शब्द नेमके आहेत, पण 'पश्च' ऐकून कुठला म्हातारा पाठ फिरवेल?

मेडिकलच्या वॉर्डात मात्र वेगळीच परिभाषा चालते. उताणे झोपा, कुशीवर वळा, पालथे व्हा. यातल्या उताण्याला उर्दूत 'चित' म्हणतात आणि पालथ्याला 'पट'. दोन्ही जोडून मराठीने आखाड्यात 'चितपट' केले. सलीमसाहेब शोधत होते तसे शब्द कुस्तीच्या मातीत केव्हाचे पडलेले होते.

मुलीला मी फिल्म उलटी करून तिच्याच छातीवर धरायला सांगितली. हृदय जागेवर आले.