३१ जुलैची नोंद

मार्च २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट या वयोवृद्ध जर्मन गृहस्थांचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी या फ्रेंच लेखकाचे विमान ३१ जुलै १९४४ रोजी आपण पाडले, असे ते सांगत होते. रिपर्ट महायुद्धात लढाऊ वैमानिक होते आणि पुढे झेडडीएफ या दूरचित्रवाहिनीचे क्रीडा पत्रकार झाले. विमानात कोण आहे हे कळले असते तर गोळी झाडलीच नसती, आपण त्यांच्या पुस्तकांचे चाहते होतो, असेही त्यांनी सांगितले. ‘द लिटल प्रिन्स’च्या लेखकाचे काय झाले हे साठ वर्षांचे कोडे सुटले म्हणून जगभर मथळे झळकले.

आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर ही चौसष्ट वर्षांनी सांगितलेली बखर होती. बखर खोटीच असते असे नाही, पण तिच्या शेजारी ठेवायला त्या दिवशीचा अस्सल कागद हवा. असा कागद इथे निघतो का, हे पाहताना जर्मन वैमानिकांच्या खासगी कागदपत्रांना आज एवढे मोल का आले आहे तेही कळते.

आधी पक्के काय आहे ते. ३१ जुलैला सकाळी पावणेनऊच्या सुमारास सेंत-एक्झ्युपेरी कॉर्सिका बेटावरच्या बोर्गो तळावरून एकटेच उडाले. विमान होते लॉकहीड पी-३८ची छायाचित्रणासाठी बदललेली आवृत्ती. तिच्यात कॅमेरे होते, तोफा नव्हत्या. कामगिरी ग्रनोबल-आन्सी भागाची टेहळणी करण्याची होती. वय चव्वेचाळीस, म्हणजे अशा विमानासाठी बरेच जास्त. दुपारी अडीचपर्यंत इंधन संपलेले असणार, या हिशेबाने त्यांना बेपत्ता धरण्यात आले.

पुढची चोपन्न वर्षे काहीच हाती लागले नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये मार्सेयजवळच्या रिऊ बेटापाशी ज्याँ-क्लोद बियांको या कोळ्याच्या जाळ्यात चांदीची साखळी आली. तिच्यावर लेखकाचे, त्यांच्या पत्नीचे आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचे नाव कोरलेले होते. पाणबुड्या ल्यूक व्हॅनरेल यांना २००० साली त्याच भागात पी-३८चे अवशेष मिळाले. ते वर काढले गेले २००३ मध्ये, आणि एका तुकड्यावर २७३४ हा कारखान्याचा क्रमांक वाचता आला. कारखान्याच्या दफ्तरात तो याच विमानाचा निघाला आणि एप्रिल २००४ मध्ये ओळख जाहीर झाली. सापडलेला भाग मात्र इतका थोडा आहे की विमान गोळीने पडले की बिघाडाने, हे त्यावरून ठरत नाही.

त्याच ढिगाऱ्याजवळ आणखी एक इंजिन पडलेले होते, डेमलर-बेंझ बनावटीचे, म्हणजे जर्मन. वर्तमानपत्रांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही, पण मला या प्रकरणातला सर्वांत निर्दोष भाग तोच वाटतो. इंजिनावरच्या खुणा आणि जर्मन हानीच्या नोंदी जुळवत लिनो फॉन गार्टसेन हे जर्मन संशोधक एका नावापर्यंत पोहोचले: बेंटहाइम-श्टाइनफुर्ट या सरदार घराण्याचा राजपुत्र अलेक्सिस, जन्म १९२२, मृत्यू २ डिसेंबर १९४३. हा एकवीस वर्षांचा मुलगा मेसरश्मिट १०९ घेऊन याच पाण्यात कोसळला होता. एक धातूचा तुकडा, एक सरकारी यादी आणि घराण्याची वंशावळ ही तीन स्वतंत्र साधने एकाच तारखेवर येऊन थांबतात. इथे कुणाच्या आठवणीची गरजच पडली नाही.

या शोधाच्या ओघात फॉन गार्टसेन दक्षिण फ्रान्समध्ये लढलेल्या जुन्या वैमानिकांना गाठत होते, आणि त्यातूनच रिपर्ट पुढे आले. १९४४च्या उन्हाळ्यात ‘यागटग्रुप २००’ हे लढाऊ पथक मार्सेय-तुलों किनाऱ्यावर होते आणि रिपर्ट त्यात होते. संधी होती, जागा जुळत होती. कागद कुठे आहे?

जर्मन पद्धतीप्रमाणे शत्रूचे विमान पाडल्याचा दावा करताना वेळ, ठिकाण, उंची, विमानाचा प्रकार आणि साक्षीदार लिहून द्यावा लागे. साक्षीदार हवेतला चाले, जमिनीवरचाही चाले. मग ते प्रकरण बर्लिनच्या विमानखात्याकडे जाई आणि मंजुरीला महिनोन्‌महिने लागत. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर पी-३८ पाडल्याचा असा दावा उपलब्ध याद्यांत नाही. पण ‘यादीत नाही, म्हणून घडले नाही’ असे इथे म्हणता येत नाही, कारण यादीच फाटकी आहे. १९४५च्या वसंतात शरणागतीपूर्वी जर्मन हवाई दलाने आपले दफ्तर मुद्दाम जाळले. भूदलाच्या आणि नौदलाच्या मानाने हवाई दलाचे फार थोडे कागद उरले. उरलेले ब्रिटिश-अमेरिकनांनी उचलून नेले, काही दशकांनी परत केले, आणि आज ते फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. मृत, जखमी आणि युद्धकैद्यांची व्यक्तिवार माहिती ठेवणारे बर्लिनचे माहिती कार्यालय वाचले. २०१९ पासून तेही राष्ट्रीय अभिलेखागारात विलीन झाले. पण एखाद्या पथकाने एखाद्या सकाळी काय केले, हे त्या कार्डांवरून कळत नाही.

म्हणून घराघरांतल्या कागदांकडे वळावे लागते. पथकाचे दफ्तर जळाले तरी वैमानिकाची उड्डाणवही, म्हणजे ‘फ्लुगबुख’, बरेचदा त्याच्या ट्रंकेत राहून गेली. तिच्यात प्रत्येक उड्डाणाला एक आडवी ओळ असते: अनुक्रमांक, विमानाचा प्रकार आणि खूण, कामगिरी, कुठून किती वाजता उडाला, कुठे किती वाजता उतरला, एकूण मिनिटे आणि शेवटी शेरा. दुसरा कागद ‘झोल्डबुख’, म्हणजे पगारपुस्तक. ते सैनिकाच्या खिशात कायम असे आणि ओळखपत्र म्हणूनही चाले. त्यात बढत्या, लसी, रुग्णालयातले मुक्काम, रजा, मिळालेली पदके असतात. तिसरा ‘वेअरपास’, म्हणजे सैनिकाचे सेवापुस्तक. माणूस प्रत्यक्ष नोकरीत असताना ते पथकाच्या कचेरीत राही आणि तो मेला तर घरच्यांकडे पाठवले जाई. पदकांच्या सनदा वेगळ्या. लढाऊ उड्डाणांसाठीचा बिल्ला २० उड्डाणांना कांस्य, ६० ना रौप्य आणि ११० ना सुवर्ण असा मिळे, त्यामुळे सनदेच्या तारखेवरून उड्डाणवहीतली बेरीज तपासता येते.

एकेकटा कागद फार काही बोलत नाही. उड्डाणवहीत तीन आठवड्यांची मोकळी जागा दिसते, पगारपुस्तकात त्याच काळात रुग्णालयाचा शिक्का असतो, अल्बममध्ये हात गळ्यात बांधलेला फोटो असतो. तिन्ही एकत्र असतील तर माणूस उभा राहतो. दलाल नेमका हा संच फोडतो, कारण सनदा, वही आणि फोटो वेगवेगळे विकले की पैसे जास्त येतात. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले नाव, गाव, तारीख हाच खरा ऐवज, पण अल्बममधून ओरबाडताना तो काळ्या कागदाला चिकटून जातो. मग उरतो एक अनाम हसरा तरुण, आणि त्याला सोयीचे नाव चिकटवायला बाजार टपलेलाच असतो.

नकलांचा सुळसुळाटही आहे. पगारपुस्तकातला फोटो बदललेला असेल तर फोटोवरचा अर्धा शिक्का आणि पानावरचा उरलेला अर्धा एका रेषेत येत नाहीत. १९८३ मध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकाला हिटलरच्या बनावट रोजनिश्या देणारा कोनराड कुयाउ नाझी काळातल्या वस्तूंच्या व्यापारातलाच होता. कागदात युद्धोत्तर काळातले रसायन सापडले आणि त्याचे बिंग फुटले. सेंत-एक्झ्युपेरींच्या बाबतीतही १९७२ साली एका जर्मन नियतकालिकात दुसऱ्याच वैमानिकाचे कबुलीपत्र छापून आले होते, आणि ते पुढे रचलेले ठरले. या कागदांवर गरुड आणि स्वस्तिक आहे, हेही विसरून चालत नाही. ज्या राजवटीसाठी ही उड्डाणे झाली ती कोणती होती, हे बाजूला ठेवून केवळ ‘शूर वैमानिक’ जमवणाऱ्या संग्राहकांविषयी मला संशय वाटतो.

आता पुन्हा रिपर्ट. त्यांच्या कथनाला आधार देणारी त्या काळची लेखी नोंद पुढे आली नाही. ते २०१३ मध्ये वारले. एक अडचण मात्र मला मोठी वाटते. आदल्याच दिवशी, ३० जुलैला, दक्षिण फ्रान्सच्या त्याच किनाऱ्याजवळ अशाच बनावटीचे एक अमेरिकन टेहळणी विमान पाडले गेले होते. लागोपाठचे दोन दिवस, तोच समुद्र, तसेच विमान. मेसमध्ये ऐकलेली हकिकत आणि स्वतः पाहिलेला प्रसंग चौसष्ट वर्षांत एकमेकांत मिसळले असतील का? रिपर्ट खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. पण दोन तारखांमधला फरक आठवणीच्या भरवशावर ठरवता येणार नाही.

समजा उद्या त्यांची उड्डाणवही कुठल्या लिलावात निघाली. ३१ जुलैची ओळच नसेल, किंवा ते उतरल्यानंतरच लॉकहीड किनाऱ्यावर येऊ शकत असेल, तर दावा तिथेच कोसळतो. ओळ असेल आणि वेळ जुळत असेल, तर ते त्या सकाळी हवेत होते एवढेच सिद्ध होईल. शेऱ्याच्या रकान्यात विमान पाडल्याची खूण असेल, तर शाई आणि हस्ताक्षर त्याच पानावरच्या इतर ओळींशी ताडून पाहावे लागेल. त्याच पथकातल्या दुसऱ्या एखाद्या वैमानिकाची वही मागवावी लागेल. मग दोन्ही वह्यांतल्या वेळा बोर्गोहून पावणेनऊला निघालेल्या विमानाच्या परतीच्या मार्गावर मांडून बघाव्या लागतील.