बुटासाठी पाय की पायासाठी बूट?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका डोंगराळ जिल्ह्यात दौऱ्यावर जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी मोठ्या हौसेने घोट्यापर्यंत येणारे नवे कोरे कातडी बूट विकत घेतले. दुकानात खुर्चीवर बसून ते पायांत चढवले, आरशात पाहिले आणि प्रसन्न झालो. दुसऱ्या दिवशी सात-आठ मैलांची चढण चढून मुक्कामाचे गाव गाठले, तेव्हा दोन्ही टाचांची साले निघाली होती आणि करंगळीवर सुपारीएवढा फोड आला होता. बरोबरचा वृद्ध चपराशी मात्र आपल्या जुन्या, तेल पाजलेल्या जोड्यांतून निश्चिंतपणे चालत आला होता. माझ्या पायांकडे पाहून तो एवढेच म्हणाला की, साहेबांनी बूट बसून घेतले, ते उभे राहून घ्यायला हवे होते.

त्या वेळी हे वाक्य मला एखाद्या अडाण्याच्या चतुराईसारखे वाटले. पुढे वाचनाच्या ओघात असे आढळून आले की, नेमके हेच सत्य हाती येण्यासाठी मोठमोठ्या लष्करांना शंभराहून अधिक वर्षे आणि असंख्य शिपायांचे पाय खर्ची घालावे लागले.

नवा जोडा ‘चावतो’ असे आपण मराठीत म्हणतो. या शब्दप्रयोगात सारा दोष जोड्याच्या माथी मारलेला आहे आणि तो बव्हंशी रास्तही आहे. युरोपात उंच टाचेची पादत्राणे रूढ झाली, तेव्हापासून सुमारे दोनशे वर्षे डावा आणि उजवा असा भेदच बहुतेक जोड्यांत उरला नव्हता. दोन्ही एकाच सरळ कालबुतावर बेतले जात. वापरून वापरून ज्याने त्याने त्यांना आपापल्या पायांचे वळण द्यावे, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भेद पुन्हा रूढ होऊ लागला, तरी सरळ जोडे त्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होते. १७८१ मध्ये पेत्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने उत्तम जोडा कसा असावा यावर एक प्रबंध लिहिला. विद्वान माणसाने जोड्यासारख्या क्षुद्र विषयावर लिहावे, याचेच तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. १८५८ मध्ये झुरिकच्या हेर्मान फोन मेयर या शरीरशास्त्रज्ञाने हा विचार आणखी पुढे नेला. निरोगी पायाच्या अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेषा टाचेच्या मध्यातून गेली पाहिजे, असे त्याने दाखवले. टोकदार बूट हा अंगठा आत ढकलून ती रेषाच मोडतो. म्हणजे चावणारा जोडा केवळ कातडी सोलून थांबत नाही, तो हाडांची ठेवणच बदलतो.

विद्वान हे सांगत होते, पण जोडे विकत घेणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकार, आणि सरकारचे लक्ष किमतीवर होते. १८०९ मध्ये स्पेनमधील कोरुन्न्याच्या माघारीनंतर इंग्रज शिपाई मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या पायांना जोड्यांऐवजी चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. ते दृश्य मार्क ब्रुनेल या फ्रेंच वंशाच्या अभियंत्याने पाहिले. त्याने लंडनजवळ बॅटर्सी येथे यंत्रांच्या साहाय्याने लष्करी बूट बनवण्याचा कारखाना उभारला आणि तेथे अपंग झालेल्या सैनिकांनाच कामावर घेतले. बूट चांगले होते आणि सरकारने ते घेतलेही. परंतु १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई संपली, मागणी थांबली आणि ब्रुनेलच्या वखारीत बुटांचे ढीग पडून राहिले. त्यात इतर आपत्तींची भर पडली आणि १८२१ मध्ये हा कर्तबगार पुरुष कर्जापायी तुरुंगात गेला. अखेर सरकारने ५,००० पौंड मंजूर करून त्याला सोडवले. युद्ध संपताच शिपायाचे पाय विसरले जातात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पायाचा प्रश्न लष्करी शिस्तीने सोडवण्याचे श्रेय अमेरिकेच्या लष्करी वैद्यक विभागातील एडवर्ड मन्सन या अधिकाऱ्याकडे जाते. त्याच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चार वर्षे खपून सुमारे दोन हजार शिपायांचे पाय तपासले. १९१२ मध्ये मन्सनने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्यांवर आधारलेला नवा बूट व नवे नियम लागू झाले. त्याच्या कालबुतात बुटाचा पुढचा भाग रुंद आणि अंगठ्याकडची कड सरळ होती. पण त्याहून महत्त्वाची होती ती माप घेण्याची रीत. शिपायाने पाठीवर ४० पौंडांचे ओझे घ्यावे, सारा भार एका पायावर टाकून उभे राहावे आणि मग त्या पायाचे माप घ्यावे. कारण भाराखाली पाऊल पसरते. ते लांबीतही वाढते आणि रुंदीतही. बसलेल्या माणसाच्या पायाला बेतलेला बूट चालणाऱ्या माणसाला लहानच होणार. आमच्या चपराशाचे वाक्य अखेर नियमांच्या पुस्तकात दाखल झाले होते!

या नियमांतील दोन गोष्टी सरकारी नोकरांनी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, माप घेण्याचे काम भांडारपालावर न सोपवता ते कंपनीच्या अधिकाऱ्याने जातीने करावे आणि त्याची जबाबदारीही त्यानेच वाहावी, असा दंडक होता. दुसरी गोष्ट नवा बूट रुळवण्याची. बूट पायांत घालून सुमारे अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहावे, कातडे मऊ होऊ द्यावे, मग सपाट जमिनीवर तासभर चालून ते पायांवरच वाळू द्यावे. काढल्यावर गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल त्यात जिरवावे. ओले कातडे ज्या आकारात वाळते तो आकार धरून ठेवते, या साध्या गुणाचा हा उपयोग होता. आपल्याकडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल तेल पाजून पायाला लावून घेतात, तिच्यामागेही हाच अनुभव आहे.

पहिल्या महायुद्धाने दाखवून दिले की, बेताचा बूट पुरेसा नाही, त्याची आणि पायाची रोजची निगाही हवी. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि फ्लँडर्समधील पाणथळ खंदकांत शिपाई दिवसचे दिवस उभे होते. ओल, थंडी आणि आवळलेले बूट यांमुळे पाय बधिर होऊन सुजत, काळे पडत आणि प्रसंगी कापावे लागत. एकट्या ब्रिटिश सैन्यात त्या हिवाळ्यात सुमारे २० हजार जणांना हा विकार जडला. त्याच हिवाळ्यात हिंदी सैन्यही त्या आघाडीवर लढत होते. त्यावर जो उपाय लागू पडला तो औषधापेक्षा शिस्तीचा होता : मोजे वारंवार बदलणे, पाय कोरडे करून चोळणे, देवमाशाचे तेल लावणे आणि अधिकाऱ्याने स्वतः पायांची पाहणी करणे. हिंदी सैन्याच्या बुटांचा मोठा भार कानपूरच्या कारखान्यांवर होता. उत्तर प्रदेशात नोकरी केलेल्या वाचकांना तेथील कातड्याच्या धंद्याची ओळख असेलच. त्याचा उत्कर्ष या लष्करी मागणीतूनच झाला.

कॅनव्हासच्या बुटाची कुळकथा निराळी आहे. गंधक घालून तापवलेले रबर चिवट होते, या शोधाचे एकस्व चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये घेतले आणि पुढे रबरी तळावर जाड कापड चढवलेले हलके जोडे निघाले. ते प्रथम समुद्रकिनाऱ्यावर आणि मैदानावर खेळण्यासाठी होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि पॅसिफिकच्या जंगलांत कातडी बूट ओलीने कुजू लागले, तेव्हा कॅनव्हासचे मोल कळले. ते पाणी अडवत नाही, पण आत आलेले पाणी बाहेरही सोडते आणि लवकर वाळते. आपल्याकडे कलकत्त्याजवळच्या बाटानगरात तीसच्या दशकापासून असे जोडे निघू लागले आणि शाळकरी मुलापासून कवायतीच्या शिपायापर्यंत सर्वांच्या पायी आले.

पण जे जंगलात अमृत तेच हिमात विष. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफामधील नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, आपले जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला आला. त्या पराभवाची कारणे अनेक आणि मोठी आहेत, ती सारी बुटांवर ढकलणे हास्यास्पद होईल. तथापि गोठलेल्या पायांनी उभे राहिलेल्या त्या माणसांची आठवण झाली की मन विषण्ण होते. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस आले. युद्धाच्या चौकशीसंबंधी २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले. साहित्याचा एकंदर तुटवडा होताच, हे त्यांनी मान्य केले. पण अनेकदा अडचण अशी होती की, साहित्य कोठेच नव्हते असे नाही, ते पायथ्यापर्यंत पोहोचले तरी तेथून आघाडीवर वेळेत पोहोचू शकले नाही, असेही त्यांनी सांगितले. आपल्यापैकी ज्यांनी मागणीपत्रके आणि भांडारांच्या नोंदवह्या हाताळल्या आहेत, त्यांना या विधानातील वेदना अधिक कळेल. कागदावर असलेला बूट आणि पायात असलेला बूट यांत केवढे अंतर असते!

आता या इतिहासातून तुमच्या-आमच्यासारख्या दौऱ्यावर जाणाऱ्यांनी काय घ्यावे? बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालून चालायचे तेच घालून उभे राहावे, शक्य तर पाठीवर ओझे घ्यावे. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाला माप द्यावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, चवडा सैल आणि टाच घट्ट असावी. नवे बूट प्रथम घरात, मग अर्धा मैल, मग दोन मैल असे वाढवीत न्यावेत. मन्सनची पाण्याची रीत भक्कम शिवणीच्या जुन्या पद्धतीच्या बुटांसाठी होती, डिंकाने चिकटवलेल्या बुटांवर ती आजमावू नये. भिजलेले कातडी बूट शेगडीजवळ कधीही ठेवू नयेत. कातडे आकसते आणि तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवावेत आणि किंचित दमट असतानाच तेल किंवा मेण चोळावे. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या ब्रशाने झाडून बूट वाऱ्यावर ठेवावेत. कॅनव्हासला मात्र तेल लावू नये, त्याने रबर बिघडते. चिखल वाळू द्यावा, ब्रशाने झाडावा, मग थंड पाण्याने व साबणाने धुवावे. जमल्यास दोन जोड ठेवून एकाआड एक वापरावेत, म्हणजे घामाची ओल निघून जाते.

त्या पहिल्या दौऱ्यातील बूट मी टाकले नाहीत. महिनाभर तेल पाजून, थोडे थोडे चालून ते रुळले आणि पुढे तीन बदल्यांत त्यांनी मला साथ दिली. तळ मात्र दोनदा बदलावे लागले. दर वेळी मोच्याकडे गेलो की तो आधी माझ्या पायांकडे पाहत असे आणि मग बुटांकडे. कचेरीत बसून दुसऱ्यांसाठी बूट मंजूर करताना हा क्रम उलटू नये, एवढेच मी पुढे कटाक्षाने पाळले.