हडळीच्या रक्ताचा हिशेब

रक्तपिपासू बाईची कुळकथा सांगणारे बहुतेक जण 1872च्या 'कार्मिला' या कथेपासून सुरुवात करतात. आपल्याकडचे हौशी लोक रिचर्ड बर्टनला पुढे करतात: त्याने 1870 साली वेताळपंचविशी इंग्रजीत नेताना वेताळाचा 'व्हँपायर' केला, म्हणून हे भूत म्हणे मूळचं आपलंच. मला नाही पटत. कोकणातला वेताळ भुतांचा राजा, गावाचा राखणदार. कुणाच्या मानेला तोंड लावणं त्याला शोभणार नाही. रक्तपिपासू बाईची खरी भावकी हडळीशी.

1915 साली कोकणातल्या समजुतींचा एक संग्रह छापला गेला, गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या माहितीवरून. त्यात भुतिणींची वर्गवारी कशी, तर सवाष्ण मेली की जखीण, विधवा मेली की लावसट, बाळंतपणात गेली की हडळ. मेल्यावरही नवऱ्याचा पत्ता विचारतातच!

आता माझा दुवा. बाळंतिणी मरत त्यातलं एक मोठं कारण रक्तस्राव. लंडनचा प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल माणसाचं रक्त माणसाला देण्याच्या खटपटीला लागला तो याच बायकांसाठी, आणि 1829 मध्ये त्याने एक बाळंतीण वाचवल्याचं छापून आलं. जिची आपण हडळ केली, तिच्यासाठी तिकडे पिचकारी आणि नळी निघाली. कोकणातून लंडनला काही गेलं असं माझं म्हणणं नाही. दोन्हीकडे उगम एकाच खाटेपाशी, एवढंच.

ही नळी भुताच्या गोष्टीत आणली मेरी ब्रॅडनने, 'ड्रॅक्युला'च्या वर्षभर आधी, 1896 मध्ये. 'गुड लेडी ड्युकेन' या कथेत गरीब बेला एका म्हाताऱ्या श्रीमंतिणीकडे सोबतीण म्हणून इटलीला जाते. हातावर खुणा उठतात, डॉक्टर म्हणतो, डास चावले. (खाडीकाठच्या आम्हा लोकांना हे लगेच पटलं असतं.) प्रत्यक्षात तो तिला क्लोरोफॉर्म देऊन रक्त काढतो नि मालकिणीला चढवतो. सुळे नाहीत, शाप नाही. आहे ती पगारी नोकरी. स्त्रीवादी विज्ञानकथेतल्या व्हँपायरचं मूळ मी इथे धरतो, कार्मिलाच्या शयनगृहात नाही.

मधले टप्पे सोडून थेट ऑक्टेव्हिया बटलरच्या 2005च्या 'फ्लेजलिंग' कादंबरीवर येतो. तिची व्हँपायर नायिका शोरी सावळी, जनुकं बदलल्यामुळे उन्हात टिकणारी. तिला रक्त देणाऱ्यांचं आयुष्य वाढतं, पण ती मेली तर त्यांचाही जीव जाऊ शकतो. राजीखुशी कुठे संपते नि व्यसन कुठे लागतं, ती रेघ बटलर मुद्दाम पुसट ठेवते.