एक ढाल, दोन घराणी: स्क्रूप विरुद्ध ग्रोव्हनर

१/ इ.स. १३८५. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्याच्या सैन्यात यॉर्कशायरचे सर रिचर्ड स्क्रूप होते, तसेच चेशायरचे सर रॉबर्ट ग्रोव्हनरही. दोघांच्या अंगावर एकच कुलचिन्ह होते: निळ्या पृष्ठभागावर सोनेरी तिरपा पट्टा.

२/ शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा रणांगणात ओळखला जाई तो चिन्हावरून. शिवाय कुलचिन्ह हा पित्याकडून पुत्राकडे येणारा वारसा होता. त्यामुळे स्क्रूप यांनी थेट ‘कोर्ट ऑफ शिव्हल्री’त, म्हणजे अशा तंट्यांचा निवाडा करणाऱ्या लष्करी न्यायालयात, दावा लावला.

३/ प्रतिवादीचे आडनावही बोलके आहे. ‘ग्रोव्हनर’चे मूळ नॉर्मन फ्रेंचमधील ‘ग्रो व्हनर’ या शब्दांत सापडते. अर्थ, थोर शिकारी. पूर्वज १०६६ मध्ये विजेत्या विल्यमसोबत इंग्लंडात आला आणि चिन्ह तेव्हापासूनचे, असे ग्रोव्हनर यांचे म्हणणे होते. स्क्रूपही आपले चिन्ह नॉर्मन विजयापर्यंत मागे नेत होते.

४/ मग तीन शतकांपूर्वीची गोष्ट सिद्ध कशी करायची? शेकडो साक्षीदार तपासले गेले. वृद्ध योद्ध्यांनी जुन्या मोहिमा आठवल्या. मठाधिपतींनी मठांतील रंगीत काचा आणि थडग्यांवरील चिन्हांचे दाखले दिले. राजाचे काका जॉन ऑफ गाँट स्क्रूप यांच्या बाजूने उभे राहिले. चेस्टर येथे साक्ष देणाऱ्यांत ओवेन ग्लिंडूर हा वेल्श तरुण होता. पुढे १४०० मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध बंड करणारा तो हाच.

५/ ऑक्टोबर १३८६ मध्ये कवी जेफ्री चॉसर यांची साक्ष झाली. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्यांना एका घरावर हे चिन्ह टांगलेले दिसले होते. स्क्रूप यांचा मुक्काम येथे आहे का, असे त्यांनी विचारले. उत्तर आले की हे चिन्ह ग्रोव्हनर नावाच्या चेशायरच्या नाइटचे आहे. ते नाव चॉसर यांच्या कानी प्रथमच पडत होते. एवढी साधी आठवण, पण ग्रोव्हनर यांच्या पुरातनत्वाच्या दाव्याला ती बाधक होती.

६/ १३८९ मध्ये निकाल स्क्रूप यांच्या बाजूने लागला. ग्रोव्हनर यांना मात्र तेच चिन्ह रुपेरी काठ लावून वापरण्याची मुभा मिळाली. त्यांनी राजाकडे अपील केले आणि होते तेही गमावले. काठ लावून वेगळे केलेले चिन्ह रक्ताच्या नातलगाला शोभते, परक्याला नव्हे, असे १३९० मध्ये राजाने ठरवले.

७/ ग्रोव्हनर यांनी मग नवे चिन्ह घेतले: निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंडी. चेस्टरच्या जुन्या अर्लांच्या ढालीवर अशा तीन पेंड्या असत.

८/ ‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ म्हणून आज चित्रे विकली जातात. राजाच्या या निवाड्यापुढे ती टिकत नाहीत. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला व तिच्या वंशाला मिळते. नाव एकच असले, तरी वंश सिद्ध झाल्याशिवाय हक्क पोहोचत नाही.

९/ हरलेले घराणे पुढे अतिश्रीमंत झाले. १६७७ च्या एका विवाहातून लंडनमधील मेफेअर व बेल्ग्रेव्हियाची जमीन त्यांच्याकडे आली आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टरचे ड्यूकपदही मिळाले. पराभव मात्र विस्मरणात गेला नाही. १८८० ची डर्बी शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या ड्यूकच्या घोड्याचे नाव होते ‘बेंड ऑर’. कुलचिन्हांच्या परिभाषेत त्याचा अर्थ होतो, सोनेरी तिरपा पट्टा.