तणावजन्य मेंदूदाह

तणावजन्य मेंदूदाह : जंतुसंसर्ग किंवा इजा नसताना, वारंवारच्या मानसिक तणावामुळे मेंदूत उद्भवणारी दाहक प्रतिक्रिया. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचा चिंतासदृश वर्तनाशी संबंध दिसून आला आहे.

प्रयोगपद्धती : अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील जॉन शेरिडन व जोनाथन गॉडबाउट यांच्या गटाने ‘वारंवार सामाजिक पराभव’ ही पद्धत वापरली. एकत्र राहणाऱ्या नर उंदरांच्या पिंजऱ्यात एक आक्रमक नर रोज २ तास, असे ६ दिवस सोडतात. त्यानंतर उंदीर उघड्या, उजेडाच्या जागी जाण्यास किती कचरतो, यावरून चिंता जोखतात.

यंत्रणा : धोका जाणवताच अनुकंपी तंत्रिका तंत्रातून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. अस्थिमज्जेत मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची निर्मिती वाढते. भीतीशी संबंधित मेंदूभागांतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी उद्दीपित होऊन मोनोसाइटांना तिकडे खेचतात. इंटरल्युकिन-१ बीटा या दाहक प्रथिनाचा संदेश रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींमार्फत मेंदूत पोहोचतो. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-रोधक औषध आधी दिल्यास मायक्रोग्लियांचे उद्दीपन आणि चिंता दोन्ही टळतात, असे २०११ मध्ये दिसून आले. चिंता ओसरलेल्या उंदरांना २४ दिवसांनी थोडासा ताण दिला, तरी ती उलटते. त्या वेळी मोनोसाइट प्लीहेतून येतात. प्लीहा काढलेल्या उंदरांत ती उलटली नाही (२०१४).

भारतातील संशोधन : बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी तणावामुळे चेतापेशींच्या रचनेत होणारे बदल अभ्यासले. १० दिवस रोज २ तास जखडून ठेवलेल्या मोठ्या उंदरांत, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडल्या, तर भीतीशी निगडित अमिग्डालातील शाखा वाढल्या (२००२). २१ दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातील वाढ आणि चिंता मात्र टिकून राहिली (२००४). मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने पिलांना आईपासून रोज काही काळ दूर ठेवून, बालवयातील ताणाचे प्रौढपणी उरणारे परिणाम तपासले. हे अभ्यास थेट दाहाचे नसले, तरी ताण सरल्यावरही चिंता का रेंगाळते हे समजण्यास ते मोलाचे आहेत.

मर्यादा : उंदीर आपली भावना सांगू शकत नाही, म्हणून संशोधक ‘चिंतासदृश वर्तन’ असा सावध शब्दप्रयोग करतात. यांतील बरेच प्रयोग नरांवरच झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष माद्यांना, तसेच माणसांना, जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही चिंतेचा मार्ग अस्थिमज्जा, प्लीहा व रक्त यांतूनही जातो, हे या प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे चिंतेला मनाचा दुबळेपणा समजून रुग्णाला दोष देणे अधिकच अन्यायाचे ठरते.