अल्बमसाठी छापलेलं युद्ध

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्यानं १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिलं सरकारी पोस्टकार्ड विकायला काढलं, तेव्हा त्यावर चित्र नव्हतं. एका बाजूला पत्ता, दुसरी बाजू मजकुरासाठी कोरी. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमानुएल हेरमान यांनी त्याच वर्षी जानेवारीत व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात साधा हिशेब मांडला होता. दोन ओळींच्या निरोपासाठी पाकीट आणि पूर्ण पत्राचा आकार कशाला? पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि उत्तर जर्मन सैनिक हेच कार्ड रणांगणावरून घरी धाडू लागले. आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड १ जुलै १८७९ला आलं आणि ‘पोचल्यावर कार्ड टाक’ हे वाक्य घरोघर रुळलं.

म्हणजे युद्ध कार्डाला जन्मापासून चिकटलेलं आहे. व्यंग मात्र बरंच नंतर आलं आणि ते अल्बमचं बोट धरून आलं. युद्धाची कार्डं लोकांनी युद्ध संपल्यावर आठवण म्हणून जमवली, असं आपण सहज धरून चालतो. जुनी कार्डं हाताळणाऱ्याला क्रम उलटा दिसतो. जमवणारे आधी तयार होते. प्रचार करणाऱ्यांनी त्यांचा नाद हेरला.

१८९०च्या दशकात रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली, परदेशी टपालाचे दर ठरून गेले आणि युरोपात चित्रकार्डांचं वेड पसरलं. दिवाणखान्यात जाडजूड अल्बम असायचा आणि पाहुण्यांपुढे तो उघडला जायचा. १८९९मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनी आणि फ्रान्समधल्या छापखान्यांना आयता विषय मिळाला. दाढीवाला, उंच टोपीतला बोअरांचा अध्यक्ष क्रूगर आणि त्याच्या हातून मार खाणारा, इंग्लंडचं प्रतीक असलेला ढेरपोट्या जॉन बुल. नोव्हेंबर १९००मध्ये क्रूगर स्वतः मार्सेय बंदरात उतरला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यांच्या डोळ्यांना अशी चित्रं आधीच ओळखीची झाली होती.

या काळातलं एखादं कार्ड हातात घेऊन नीट पाहा. मागची बाजू फक्त पत्त्याची, तिथे मजकूर लिहायला परवानगी नव्हती. त्यामुळे पाठवणाऱ्याला चित्राच्या बाजूलाच, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत निरोप लिहावा लागे. पट्टी संपली की अक्षरं जॉन बुलच्या पोटाला वळसा घालून वर चढतात, टोपीजवळ आडवी होतात. मावशीला पाठवलेली खुशाली आणि शत्रूची टवाळी एकाच शाईत एकमेकींत गुंतलेल्या असतात. मागची बाजू उभ्या रेघेनं दुभागून डावीकडे मजकूर लिहायची सोय ब्रिटननं १९०२मध्ये दिली, जर्मनीनं १९०५मध्ये. मग चित्रानं पुढची सगळी बाजू घेतली आणि व्यंगचित्रकाराला पूर्ण चौकट मिळाली. संग्राहकाच्या दृष्टीनं ही रेघ म्हणजे कार्डाचा जन्मदाखलाच. म्हणून जाणकार माणूस कार्ड आधी पालथं करतो.

पहिल्या महायुद्धात या मालाला पूर आला. जर्मनीत ‘प्रत्येक गोळीला एक रशियन, प्रत्येक धक्क्याला एक फ्रेंच’ अशा अर्थाची यमकं कार्डांवरून घरोघर गेली. ब्रिटनमध्ये ब्रूस बेर्न्सफादर या अधिकाऱ्यानं खंदकातल्या चिखलात बसलेला, मिशाळ, वैतागलेला ‘ओल्ड बिल’ काढला. ‘बायस्टँडर’ साप्ताहिकानं ती चित्रं कार्डांवर छापली आणि सहा-सहाच्या संचांत विकली. डच व्यंगचित्रकार लुई रामेकर्स याची जर्मनांविरुद्धची जहाल चित्रं १९१६मध्ये सिगारेटच्या पाकिटांतूनही वाटली गेली, १४० चित्रांचा संच म्हणून. हे संच आणि हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात मला. सहापैकी पाच हाती लागली की सहावं मिळेपर्यंत चैन पडत नाही आणि त्या ओढीत प्रचार आपसूक घरात येतो. त्यासाठी कुणावर सक्ती करावी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रेडिओ आणि सिनेमा आले होते, तरी कार्ड टिकलं. शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीनं कापडासारख्या खरबरीत पोताच्या कागदावर हिटलर आणि जपानचा पंतप्रधान तोजो यांची टिंगल छापली. अमेरिकी कार्डांतली जपानी माणसाची चित्रं बघवत नाहीत. सगळे दात पुढे आलेले, सगळे चष्मेवाले, सगळे सारखे. एका सरकारवरचा राग अख्ख्या लोकांच्या चेहऱ्यावर काढलेला आहे.

या सगळ्या पसाऱ्यात माझं मन सर्वांत जास्त गुंततं ते १९४२च्या सहा कार्डांत. ती इराणसाठी काढली होती. ‘केम’ या सहीनं चित्रं काढणारा किमोन एव्हान मारेंगो १९०४ साली इजिप्तमध्ये जन्मला, वंशानं ग्रीक, आणि युद्धात ब्रिटिश माहिती मंत्रालयासाठी काम करत होता. ऑगस्ट १९४१मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात घुसल्या होत्या, त्यांत भारतीय डिव्हिजनही होत्या. सप्टेंबरात रझा शाहला गादी सोडावी लागली. बर्लिनचा रेडिओ फारसीतून बोलत होता आणि आर्य वंशाचं नातं सांगत होता. अशा वेळी इंग्रजी टोपी, इंग्रजी विनोद तिथे कोण ऐकणार? फारसीचे विद्वान आर्थर आर्बेरी मंत्रालयातच होते, इराणी अभ्यासक मोजतबा मीनवी यांचाही सल्ला होता. केमनं थेट फिरदौसीचं महाकाव्य ‘शाहनामा’ उचललं.

कथा अशी आहे. सैतान इब्लीस झह्हाक राजाच्या खांद्यांचं चुंबन घेतो आणि तिथून दोन साप उगवतात. त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू खाऊ घालावे लागतात. ज्याची मुलं या सापांनी गिळली तो कावे लोहार भर दरबारात उभा राहतो, राजाच्या न्यायीपणाचा दाखला टराटरा फाडतो आणि आपलं चामडी वस्त्र भाल्याला बांधून निशाण उभारतो. केमच्या कार्डांवर जुन्या लघुचित्रांची शैली आहे आणि झह्हाकला हिटलरचा चेहरा. खांद्यावरच्या एका सापाला मुसोलिनीचं तोंड, दुसऱ्याला तोजोचं. झह्हाकला स्वप्नात तीन योद्धे दिसतात, ही संख्या फिरदौसीच्या कथेत मुळातच होती. इथे ते चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन झाले. शेवटी झह्हाक जेरबंद होतो. सोबत फारसी ओळी.

इराणच्या कहवाखान्यांत कथेकरी मोठ्या रंगीत पडद्यापुढे हीच कथा सांगत, आपल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथीवरून रामायण सांगतात तशी. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही दोन साप पाहून सगळं उमगलं असेल. मुंबईकराला यातली नावं परकी नाहीत. झह्हाकनं ज्याचं राज्य घेतलं तो जमशेद आणि झह्हाकला ज्यानं हरवलं तो फरेदून, दोघांची नावं पारशी घरांत आजही ठेवतात. ‘शाहनाम्या’ची पहिली शिळाछाप सचित्र प्रतही १८४६मध्ये मुंबईतच निघाली.

केमची कल्पकता मला थक्क करते आणि तिच्यातली अडचणही दिसते. मूळ कथेत झह्हाक हा बाहेरून येऊन इराणच्या तख्तावर बसलेला परका राजा आहे. १९४२मध्ये इराणच्या भूमीवर परक्या फौजा होत्या त्या ब्रिटन आणि रशियाच्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगे झाले. स्वतःला सोडवणारा म्हणून रंगवणाऱ्यानं वाचकाच्या हाती अशी कथा दिली, जी त्याच्यावरही उलटू शकत होती. उसनी घेतलेली कथा हवी तेवढीच बोलत नाही.

म्हणून ही कार्डं जमवायची तर दोन्ही बाजूंची जमवावीत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. क्रूगरसोबत ब्रिटिश कार्डंही हवीत, ओल्ड बिलशेजारी जर्मन यमकं. ओंगळ कार्डं वगळून नीटनेटका अल्बम करू नये. त्या दातांशिवाय १९४२चा अमेरिकी राग समजणार नाही. वापरलेलं कार्ड मिळालं तर कोऱ्यापेक्षा ते घ्यावं. टपालाचा शिक्का, तारीख, सेन्सॉरची खूण, निरोप, हे सगळं त्याच्यावरच असतं. भिंगाखाली ठिपके बघावेत. जुन्या रंगीत शिळाछपाईत ते वेडेवाकडे पडतात, अलीकडच्या नकलेत ओळीनं, एकसारखे. डिंकानं चिकटवायचं नाही, कोपऱ्यांत अडकवायचं. आपल्या दमट हवेत कसर लागते आणि बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक कार्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं.