फायटर कमांडची वाटचाल

ब्रिटिश हवाई दलाच्या 'फायटर कमांड'ची स्थापना १४ जुलै १९३६ रोजी झाली. मुख्यालय लंडनच्या वायव्येला, बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात. प्रमुख ह्यू डाउडिंग. बॉम्बफेकी विमाने अडवता येतच नाहीत, अशी त्या काळी बड्या राजकारण्यांचीही खात्री होती. डाउडिंग यांना ती मान्य नव्हती.

त्यांनी विमानांइतकेच लक्ष घातले ते माहिती पोचवण्याच्या व्यवस्थेत. किनाऱ्यावरची रडार केंद्रे समुद्रावरून येणारी विमाने हेरत. किनारा ओलांडून ती आत आली, की 'ऑब्झर्व्हर कोअर'चे लोक दुर्बिणी लावून त्यांच्यावर नजर ठेवत. नियंत्रण कक्षातल्या टेबलावर मोठा नकाशा असे आणि महिला सहायक दलातल्या मुली लांब काठ्यांनी त्यावर सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांचा भाग लाल, पिवळा किंवा निळा. सोंगटीवरची खूणही त्याच रंगाची. माहिती किती ताजी आहे, हे सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळे. मला १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईतली सर्वांत मोठी करामत हीच वाटते. हिच्यामुळे वैमानिकांना दिवसभर आकाशात गस्त घालत थकावे लागले नाही.

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता आणि तिकडे आणखी स्क्वाड्रन धाडण्याचा आग्रह सुरू होता. १६ मे रोजी डाउडिंग यांनी हवाई खात्याला लेखी बजावले, की अशीच विमाने जात राहिली तर ब्रिटनचा पराभव अटळ आहे. तो कागद लिहायला छाती लागते.

मग जुलैपासून जर्मन हवाई दलाशी ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटली. १५ सप्टेंबरला अक्सब्रिजच्या नियंत्रण कक्षात पंतप्रधान चर्चिल यांनी तिथले प्रमुख कीथ पार्क यांना विचारले, राखीव विमाने किती? उत्तर आले, एकही नाही. तरीही हल्ला परतवला गेला. दोनच दिवसांनी हिटलरने ब्रिटनवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली. ब्रिटन युद्धात टिकले, म्हणून १९४४ मध्ये दोस्त फौजांना नॉर्मंडीत उतरण्यासाठी तळ मिळाला.

या लढाईत कमांडचे सुमारे ५४४ हवाई सैनिक गेले. त्यांत पोलिश होते, चेक होते, न्यूझीलंडचेही होते.

नोव्हेंबर १९४० मध्ये डाउडिंग यांना पदावरून दूर केले गेले, पाठोपाठ पार्क यांचीही बदली झाली. हा उघड अन्याय होता. १९६८ मध्ये फायटर कमांड 'स्ट्राइक कमांड'मध्ये विलीन झाली. हवाई दलातले सर्वोच्च मार्शलपद डाउडिंग यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.